पर्कोलेटरची वीस मिनिटे

चांदूर रेल्वे, धामणगाव, बडनेरा या लोहमार्गावरील गावांत व्यापारी कुटुंबांची जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची मांडणी बहुधा एकसारखी असते. पुढे पेढी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर आणि त्यावर माळा. दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा हा माळा रिकामा केला जातो. पितळी घागरी, शेवयांचा साचा, लग्नकार्यातील पातेली, एका कानाची कढई असे सारे खाली येते, पुसले जाते आणि पुन्हा वर जाते. काही घरांत या पसाऱ्यातून ॲल्युमिनियमची एक उंच, निमुळती किटली निघते. तिच्या झाकणावर काचेची छोटी टोपी असते. आत एक पोकळ दांडी आणि दांडीवर बसणारा, बारीक भोके पाडलेला डबा. नव्या सुनेला ही वस्तू कशाची हे सांगावे लागते. पर्कोलेटर, म्हणजे कॉफी करण्याचे भांडे. वजन केले तर पुरते एक किलोही भरत नाही, आणि भंगाराच्या तराजूत त्याचे जे पैसे येतील त्यांत आजच्या एखाद्या मॉलमधील कॉफीचा एक पेलाही येणार नाही. तरीही पुष्कळ घरांत ते भांडे दरवर्षी खाली येते आणि दरवर्षी पुन्हा माळ्यावर चढते. विकवतही नाही आणि वापरवतही नाही, अशा वस्तूंच्या यादीत त्याचे नाव आहे.

या भांड्याची करामत तशी साधी. तळात पाणी भरायचे, पाण्यात पोकळ दांडी उभी करायची, दांडीच्या वरच्या टोकाला डबा बसवून त्यात जाडसर दळलेली कॉफी घालायची. दांडीचे खालचे टोक घंटेसारखे पसरट असते. आच लागली की या घंटेखालच्या पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि वर निसटताना थोडे थोडे पाणी दांडीतून वर ढकलतात. ते पाणी झाकणाला आपटते, डब्यावर पसरते, कॉफीतून झिरपते आणि पुन्हा तळात येते. तळात आले की पुन्हा वर चढते. काचेच्या टोपीत ही उसळी दिसत राहते. आधी नितळ पाणी, मग फिक्या गवती रंगाचे, मग गुळाच्या पाकासारखे आणि अखेर गडद तपकिरी. आवाजही बदलत जातो. प्रथम एखादा सुटा 'बुडुक', मग थोडा वेळ शांतता, मग दोन-तीन लागोपाठ आणि शेवटी एकसारखी लय. ज्या घरात हे भांडे नित्य वापरात होते, त्या घरातील माणसे स्वयंपाकघरात न डोकावताही कॉफी कितपत झाली आहे ते आवाजावरून सांगू शकत.

याचा जन्म आपल्याकडचा नाही. पॅरिसमधील लोरांस नावाच्या कारागिराने १८१९ मध्ये, उकळते पाणी नळीतून वर चढवून कॉफीवर पाडण्याची युक्ती केली. चुलीवर ठेवण्याच्या, आज ओळखीच्या असलेल्या घडणीचे एकस्व अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या हॅन्सन गुडरिच या गृहस्थाने १८८९ मध्ये मिळविले. पुढे विजेचे पर्कोलेटर आले. इंग्लंडच्या रसेल हॉब्ज कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणलेली पहिली वस्तू म्हणजे कॉफी झाल्यावर आपोआप मंदावणारा आणि ती गरम राखणारा पर्कोलेटर. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेच्या घराघरांत हे भांडे होते. सत्तरच्या दशकात कागदी गाळणीवर आपोआप थेंब थेंब कॉफी पाडणारी यंत्रे आली आणि त्यांनी त्याला मागे सारले.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र आपल्याला परका वाटू नये असा आहे. तो अर्थ गाळणे, झिरपविणे. जैन घरातील मूल चालायला लागते तेव्हापासून माठाच्या तोंडावरचे गळणे पाहत आलेले असते. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, गळण्यातील जिवाणी जेथून पाणी आणले त्या विहिरीत परत सोडायची, ही शिस्त ज्या स्वयंपाकघरात होती, तेथे गाळण्याचेच काम करणारे आणखी एक भांडे सहज सामावले गेले असल्यास नवल नाही.

वऱ्हाडात कॉफी ही एरवी नित्याची वस्तू नव्हतीच. चहा घरोघरी पोचला तरी कॉफी पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवली जाई. तीही दुधात उकळून, भरपूर साखर घालून आणि वर जायफळ किसून. मुंबईच्या पेस्तनजी एदलजी दलाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफी भाजण्या-दळण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पोल्सन हे नाव घेतले. लोण्याच्या आधी हे नाव कॉफीमुळे महाराष्ट्राच्या ओळखीचे झाले. पोल्सनची फ्रेंच कॉफी म्हणजे चिकोरी मिसळलेली पूड. ती पातेल्यात उकळण्यासाठी ठीक होती. पर्कोलेटर आला तो मुंबईच्या फेऱ्यांतून. कापसाचा हिशेब चुकता करायला किंवा कापड भरायला गेलेला व्यापारी हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीने परत येताना लोहार चाळीतून, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांतून काही ना काही नवलाईची वस्तू घेऊन येई. कोणी रेडिओ आणला, कोणी इस्त्री, कोणी हे भांडे. सोबत माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानातून भाजून दळून घेतलेली शुद्ध कॉफी. पुडीचा वास डब्यातील साऱ्या प्रवाशांना वाटून ती चांदूरला उतरे.

(चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार या एकाच जिल्ह्यातील दोन गावांमुळे पार्सले आणि पत्रे कशी भटकत, हा या भागातील व्यापाऱ्यांचा जुना आणि न संपणारा विषय आहे. त्यात येथे शिरायला नको.)

कॉफीच्या व्यापाराची एक गोष्ट मात्र कापसाच्या व्यापाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली आणि दक्षिणेतील मळेवाले अडचणीत आले. तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे साऱ्या पिकाची एकत्र विक्री सोपविण्यात आली. मळेवाल्याने आपला माल बोर्डाच्या साठ्यात जमा करायचा, बोर्डाने तो लिलावाने विकायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. ही पद्धत पन्नासएक वर्षे चालली आणि १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने उठली. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा चांदूरच्या बाजारात जे घडले, तेच कूर्गच्या डोंगरात तीस वर्षे आधी घडून गेलेले होते. शेतकऱ्याला आधार मिळाला हे खरे. भावाचे गणित जाणणारा माणूस मधून निघून गेला हेही खरे. अनेक पेढ्यांनी त्या काळात कापूस सोडून किराणा, कापड, सराफी, औषधे यांकडे मोर्चा वळविला. घट हा शब्द दोन्ही धंद्यांत सारखाच जिव्हाळ्याचा. तीन क्विंटल कापूस पिंजला की जेमतेम एक क्विंटल रुई हाती येते. कॉफीत पाच-सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो कच्चे बी निघते आणि भाजताना त्यातीलही सहावा-सातवा हिस्सा, कधी त्याहून अधिक, हवेत उडून जातो. दरवळणारा पेला इतक्या घटीनंतर हाती आलेला असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता त्या वीस मिनिटांकडे वळायला हवे. पाणी तापायला दहा-बारा मिनिटे आणि पुढे सात-आठ मिनिटांची उसळी, असा पर्कोलेटरचा एकंदर वेळ. आजच्या हिशेबाने हा वेळ वाया गेलेला. परंतु ज्या घरात नवकारसीचे पच्चक्खाण पाळले जाते, तेथे सकाळची पहिली वस्तू तोंडात घालण्याची वेळ माणसाच्या घाईवर ठरत नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे उलटल्यावर मूठ वाळून तीन नवकार म्हणायचे आणि मगच पाणी घ्यायचे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे पावणेआठ उलटून जातात. थंडीने हात आखडलेले, पेढी उघडण्याची वेळ जवळ येत चाललेली आणि घरातील कोणालाही अद्याप काही घेता येत नाही. अशा वेळी वातीच्या स्टोव्हवर पर्कोलेटर चढे. सूर्योदयानंतर साधारण अर्ध्या तासाने तो ठेवला की पच्चक्खाण पारण्याच्या सुमारास कॉफी तयार. थांबणे तर असेच होते. या भांड्याने त्या थांबण्याला रंग, आवाज आणि वास दिला.

सामायिकाचा काळही ४८ मिनिटांचाच. सूर्योदयाला सामायिक घेऊन बसलेल्या आजीच्या पुढ्यात रेतीची घडी असे आणि पलीकडे स्टोव्हवर काचेची टोपी. एका काचेतून रेती खाली उतरत आहे, दुसऱ्या काचेत पाणी वर उसळत आहे. आजीच्या कानांना कळे की लय लागून बराच वेळ झाला, आता भांडे उतरवायला हवे, नाहीतर कॉफी कडू होणार. पण सामायिकात सावद्य वचन वर्ज्य. 'अगं, उतरव ते' असे म्हणण्याची सोय नाही. डोळे मिटलेलेच राहत, मणी पुढे सरकत आणि कपाळावर एक बारीक आठी उमटे. ती आठी ओळखून सून धावत येई. घराघरातील असे अबोल संकेत कोणत्याही वहीत लिहिले गेले नाहीत, ते त्या त्या माणसांबरोबर गेले.

मंदिरातून किंवा स्थानकातून परतणाऱ्याला वास गल्लीच्या तोंडाशी गाठे. कॉफीच्या वासाबद्दल मात्र एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावी लागते. घरभर पसरलेला वास हा पेल्यातून उणा झालेला वास असतो. कॉफीतील सुगंधी द्रव्ये अतिशय चंचल आहेत. पर्कोलेटर तीच कॉफी पुन्हा पुन्हा उकळत्या पाण्यात फिरवतो आणि ही द्रव्ये वाफेबरोबर चौकात, जिन्यात, पेढीवर उडून जातात. जाणकारांचे म्हणणे असे की कॉफीसाठी पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असावे, आणि ते पुडीतून एकदाच जावे. आंबट आणि सुवासिक अंश आधी उतरतात, कडू अंश मागाहून. पर्कोलेटर कडवटापर्यंत पोचल्यावाचून सहसा राहत नाही. दक्षिणेतील पितळी फिल्टर या कसोटीवर केव्हाही सरस. त्यात गरम पाणी एकदाच, आपल्या संथ गतीने खाली झिरपते. चवीच्या निवाड्यात हे भांडे हरते, आणि स्मरणरंजनात रमणाऱ्यांनी ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण जो वास पेल्यातून गेला, तो कोणाच्या वाट्याला आला? ज्यांना कॉफी मिळायची नव्हती त्या लहान मुलांच्या. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या, दारावरून जाणाऱ्या रेल्वेच्या कर्मचाऱ्याच्या. गादीवर वही उघडून बसलेल्या मुनीमजींच्या. मुनीमजींना मग पेला दिल्यावाचून राहवत नसे, कारण वास पोचला आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. झटपट कॉफीचा चमचा पेल्यात ढवळताना अशी पंचाईत होत नाही. ती कॉफी पिणाऱ्यापुरतीच असते.

वासाची दुसरी बाजूही शास्त्राला धरून सांगितली पाहिजे. पाच इंद्रियांत घ्राणेंद्रिय आहे, आणि सुगंधाची आसक्ती ही आसक्तीच. बाह्य तपांत रसपरित्याग सांगितला आहे. ज्या घरात कोणी उपवासाला किंवा आयंबिलाला बसले असेल त्या घरात समंजस गृहिणी पर्कोलेटर चढवीत नसे. पर्युषणात आणि दशलक्षणात तर तो उलटा घालूनच ठेवलेला असे. आणखी काटेकोर माणूस विचारील, पाच मिनिटांत होणाऱ्या कामासाठी वीस मिनिटे विस्तव जाळायचा, तेउकायाचा हिशेब कोणी द्यायचा? याला चोख उत्तर नाही. पहिला तपकिरी थेंब टोपीत दिसताच आच अगदी बारीक करावी, एवढेच. योगायोग असा की चवीलाही तेच मानवते.

चिकोरीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे आपल्या घरांत फारसे लक्ष जात नाही. चिकोरी म्हणजे कासनीचे मूळ. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. हे मूळ कापून, वाळवून, भाजून दळतात आणि कॉफीत मिसळतात. त्याने कॉफीला दाटपणा आणि काळसर रंग येतो, शिवाय माल स्वस्त पडतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे, म्हणजे उरलेले ४९ टक्क्यांपर्यंत मूळ असू शकते. वेष्टनावर दोन्हींचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. फिल्टर कॉफीच्या बहुतेक पुड्या आणि झटपट कॉफीतील काही अतिशय खपाचे प्रकार याच जातीचे. ज्या घरात कांदा, बटाटा, गाजर येत नाही, तेथे हा डबा फडताळात निर्धास्तपणे बसलेला असतो. सुंठ आणि हळद वाळल्यावर चालतात, मग भाजलेले मूळ का नको, असा युक्तिवाद होऊ शकतो. सुंठ औषधापुरती आणि हळद चिमटीपुरती, ही तर चमच्याने रोज, असा प्रतिवादही. निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुभगवंतांना विचारून करावा. मात्र विचारण्यासाठी आधी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. भागीदारीचा करार वाचताना जो चष्मा लावला जातो, तोच येथेही लावायला हरकत नाही.

या बाबतीत पर्कोलेटर आपोआपच कडक. त्याला चिकोरी मानवत नाही. बारीक पूड डब्याच्या भोकांतून गळून पेल्याच्या तळाशी गाळ होतो आणि चिकोरी ओली झाली की चिकटून भोके बुजतात. त्याला लागते ती निव्वळ कॉफी, तीही जाड दळलेली. ज्या घरांनी हे भांडे नियमाने वापरले, त्यांनी कदाचित न ठरवताही निव्वळ कॉफी प्याली.

मग ते माळ्यावर का गेले? स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने १९३८ मध्ये विरघळणारी कॉफी आणली. आपल्याकडे ती साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी शिरली. पाठोपाठ गॅस आला, स्टोव्ह गेला. एका चमच्याच्या कामासाठी चार भाग धुवायचे, दांडीत ब्रश घालायचा, जाळीत अडकलेली पूड सोडवायची, हे कोणाला परवडेल? एवढे कारण पुरेसे वाटते. परंतु आजच्या चांदूरमध्ये त्याहून खोल एक कारण आहे आणि ते भांड्याच्या मापात दडलेले आहे.

हे पर्कोलेटर सहा पेल्यांचे, आठ पेल्यांचे असत. त्यांत दोन पेल्यांचे पाणी घातले तर ते नीट चालत नाही. पाण्याची पातळी खाली राहिली की दांडीतून चढणारा झोत दुबळा पडतो, डब्यातील पूड धड भिजत नाही, आणि जे थोडे पाणी आहे ते बिचारे उकळून उकळून कडू होते. एकत्र कुटुंबासाठी घडविलेले भांडे दोन माणसांसाठी काम करीत नाही. मुले शिकायला म्हणून पुण्याला गेली, नोकरीसाठी बंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झाली. चौक, जिना, पेढी आणि माळा यांच्यामध्ये आता दोघेच राहतात. पेढीचे शटर उघडते, पण अर्ध्या दिवसापुरते. अशा घरात त्या भांड्याकडे पाहिले की त्याची पोकळी किती मोठी आहे हे कळते. ते विकवत नाही याचे कारण हे असावे, आणि वापरवत नाही याचेही.

पुष्कळ जण लहान पर्कोलेटर शोधतात. दोन पेल्यांचे माप मिळते, नाही असे नाही. इटलीतील अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी १९३३ पासून जोडलेला मोका पॉटही आता सहज मिळतो. त्यात वाफेच्या दाबाने पाणी एकदाच वर चढते आणि कॉफी दाट, चवदार होते. चवीसाठीच कोणाला भांडे घ्यायचे असेल तर मोका पॉट घ्यावा. त्याला काचेची टोपी नसते आणि मुनीमजींपर्यंत पोचेल इतका वासही तो सोडत नाही, हा भाग निराळा. माळ्यावरचेच भांडे चालवायचे असेल तर ते त्याच्या मापाने, निदान पाऊण भरून चालवावे लागते, आणि मग सहा पेले पिणारी माणसेही जमवावी लागतात. शेजारच्या घरातही दोघेच असतात. त्यापलीकडच्या घरातही. सूर्योदय सर्वांचा एकाच वेळी होतो आणि पच्चक्खाणही एकाच वेळी पारले जाते. जी कुटुंबे दर रविवारी आळीपाळीने एका घरी जमतात, त्यांना या भांड्याचा कडवटपणा फारसा जाणवत नाही, असे दिसते.

कॉफी कोणती घ्यावी, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून कर्नाटकातील चंद्रगिरीच्या डोंगरात रुजविल्या, अशी परंपरागत कथा आहे. देशातील बहुतांश कॉफी आजही कर्नाटकातच होते. पण सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला ब्रिटिशांच्या काळात कॉफीची झाडे लावली गेली, आणि ती आजही तेथे सावलीत उभी आहेत. महाराष्ट्रातील कॉफी म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते. चांदूर रेल्वेहून अमरावती सुमारे तीस किलोमीटर, तेथून परतवाडा आणि पुढे घाट. परतवाड्याहून एक फाटा मुक्तागिरीला जातो. ५२ मंदिरांच्या त्या सिद्धक्षेत्राची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केलेली आहे. वंदना करून, धबधबा पाहून मंडळी परत फिरतात. वर चिखलदऱ्याला गेलीच तर गाविलगडाचा किल्ला आणि दऱ्या पाहून येतात, आणि जिल्ह्यात पिकणारी कॉफी दुकानाच्या फळीवर तशीच राहते. कापूस पिकविणाऱ्या मुलखाने तो विकून पुन्हा मिलचे कापड विकत घ्यावे, तशातलाच हा प्रकार.

तेथील दुकानांत मेळघाटातील मधाच्या बाटल्या पुढे मांडलेल्या असतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत. कॉफी मागावी. दळलेली पूड असेल तर चिकोरी आहे का, हे विचारून घ्यावे. भाजलेले अख्खे बी मिळाले तर अधिक चांगले, कारण दळल्यानंतर सुगंध आठवड्याभरात निम्माही उरत नाही. घरी दळताना मिक्सर एकसारखा फिरवू नये, थांबत थांबत, जाड रव्याइतकी कणी ठेवावी. सहा पेल्यांना साधारण पन्नास ग्रॅम पुरते. पाणी गाळलेले आणि थंडच घालावे. ते डब्याला टेकता कामा नये. टोपीत रंग आल्यापासून सात मिनिटे बारीक आचेवर ठेवून भांडे उतरवावे आणि डबा दांडीसह लगेच बाहेर काढावा, नाहीतर झाकणाखालची वाफ त्यातील उरलेसुरले कडू थेंब खाली उतरवीत राहते. दूध वेगळे तापवावे. जायफळ डब्यात घालू नये, पेल्यावर किसावे.

माळ्यावर अनेक वर्षे राहिलेल्या भांड्याचा आतला भाग आधी चिंचेच्या पाण्याने उकळून घ्यावा लागतो. काचेची टोपी फुटली असेल तर अमरावतीच्या जुन्या भांडेबाजारात चौकशी करावी. नाहीच मिळाली तर त्या भोकावर स्टीलची छोटी वाटी उपडी बसते. कॉफी तशीही होते. तिचा रंग तेवढा दिसत नाही, आवाजावर विसंबावे लागते.